खिळ्यावरची बारा कॅलेंडरं: आईच्या आयुष्याची पुस्तिका वर्षभरात कशी करावी

तेराव्यानंतर घर आवरताना स्वयंपाकघराच्या दाराआड एका खिळ्यावर कॅलेंडरं सापडली. एकावर एक, बारा. वर्ष संपलं की जुनं काढायचं नाही, त्याच्यावरच नवं टांगायचं, ही आईची पद्धत. दादा म्हणाला, "न्हाणीच्या चुलीत घाल, पाणी तापेल." मी सहज वरची पानं चाळली. तारखांच्या चौकटींत पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: "तांबू व्याली." "गॅस लावला." "बाय इली." बाय म्हणजे मी. बारा वर्षांत मी किती वेळा गावी आले, याचा हिशेब तिथे तारीखवार होता आणि तो फार मोठा नव्हता.

कॅलेंडरं चुलीत गेली नाहीत. त्या कॅलेंडरांपासून सुरुवात करून वर्षश्राद्धापर्यंत आम्ही भावंडांनी बहात्तर पानांची पुस्तिका केली. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच घरांनी विचारलं, कसं केलंत? त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे सलग लिहिते आहे. आमचं गाव देवगड तालुक्यात, त्यामुळे उदाहरणं तिकडची आहेत. दापोली-गुहागरकडच्यांनी किंवा खाली वेंगुर्ल्याच्या लोकांनी आपापली घालून घ्यावीत.

तेराव्यापर्यंत दोनच कामं

त्या दिवसांत डोकं चालत नाही, चालवूही नये. दोन गोष्टी मात्र तेव्हाच व्हायला हव्यात.

एक, तिचं काही फेकू द्यायचं नाही. अंथरूण-पांघरुणाचं तुमच्या रीतीप्रमाणे करा. पण ट्रंक, देवघराचा खण, मसाल्याचे डबे, उशीखालचं पाकीट, खुंटीवरच्या पिशव्या यांना महिनाभर कोणी हात लावायचा नाही, असं घरात सगळ्यांना स्पष्ट सांगा. मदतीला आलेल्या बायका फार झटपट आवरतात. आमच्याकडे 'जुने कागद' म्हणून एक पिशवी चुलीत गेलीच. तिच्यात काय होतं ते आता कोणाला सांगता येत नाही.

दोन, पडवीत एक शंभर पानी वही ठेवा आणि पेन दोरीने बांधून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी नाहीसं होतं. भेटायला आलेलं माणूस नुसतं गप्प बसत नाही, एक तरी गोष्ट सांगून जातं. सांगणाऱ्याचं नाव, गाव, तिच्याशी नातं आणि गोष्टीच्या दोन ओळी एवढंच लिहायचं. सविस्तर ऐकायला नंतर त्यांच्याकडे जायचंच आहे. हे काम घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला द्या. त्या दिवसांत या वयाच्या पोरांना कुठे बसावं कळत नसतं, त्यांनाही बरं वाटतं.

ती जन्मली कधी?

आमच्या आईचे माझ्या हाती तीन जन्म लागले. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४५. आधार कार्डावर १ जानेवारी १९४८. आणि तिच्या स्वतःच्या तोंडी, "रामदास बुडाली तेव्हा मी रांगत होतंय."

पहिल्या दोन तारखांवर भाळू नका. १ जून ही मास्तरांची तारीख. शाळा जूनमध्ये उघडायची, मूल सहा वर्षांचं दिसलं की ती टाकून मोकळे. अख्ख्या पिढीचा वाढदिवस त्या दिवशी असतो. १ जानेवारीही तसलीच, वर्ष अंदाजे सांगितलं की दिवस-महिना असाच पडतो. खरी तारीख तिच्या वाक्यात होती. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. रांगणारं मूल म्हणजे आठ-दहा महिन्यांचं. मग थोरल्या मामीला विचारलं, तर तिने सासूकडून ऐकलं होतं की ही नवरात्रातली. म्हणजे १९४६ चं नवरात्र. आम्ही तेच छापलं आणि बाकीच्या तारखा कुठून आल्या तेही खाली लिहिलं.

हीच युक्ती सगळ्या आयुष्याला लावता येते. एका मोठ्या कागदावर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे गावाला आठवणाऱ्या घटना, उजवीकडे तिच्या घरातल्या. १ एप्रिल १९५७, आणे जाऊन नवे पैसे आले. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा कोयनेचा भूकंप. १ मे १९८१, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. १८ जानेवारी १९८२, गिरणी संप. २६ जानेवारी १९९८, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ, मे २०२१ चं तौक्ते. महाड-चिपळूणकडे २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ चे पूर, तर रायगड-दापोलीच्या पट्ट्यात ३ जून २०२० चं निसर्ग वादळ घाला. मग म्हाताऱ्या माणसाला साल विचारायचं नाही. "कोयनेच्या भूकंपाला दादा केवढा होता?" असं विचारायचं. "दुपट्यात होता. आई त्याला घेऊन खळ्यात पळाली," असं उत्तर आलं की साल आपोआप मिळतं आणि वर एक प्रसंग मिळतो.

गिरणी संप आमच्या घरात रेघेसारखा आहे. संपाआधी वडील मुंबईला, आई गावी. संपानंतर वडील कायमचे गावी. आईच्या आयुष्याचे दोन भाग करायचे तर ते लग्नाच्या तारखेने होत नाहीत, १९८२ ने होतात. तुमच्या घरातली अशी रेघ कुठली ते या कागदावर दिसेल. पुस्तिकेची प्रकरणं तिच्यावरून पाडा.

तिथी आणि तारीख दोन्ही पहिल्या पानावर हव्यात. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दर वर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. भटजी तिथी विचारतात, परदेशातला नातू तारीख. दोघांचीही सोय होते. नावांचंही तसंच. माहेरचं नाव शाळेच्या रजिस्टरात, सासरचं रेशन कार्डावर, आणि गावात ती आयुष्यभर अमक्याची आये. तिन्ही नावं एकत्र लिहिलेला कागद बहुतेक घरांत नसतो. तुमचा पहिला ठरो.

माणसांकडे जाणं

क्रम ठरवताना नात्याची जवळीक बाजूला ठेवा, वय बघा. सगळ्यांत म्हातारं माणूस आधी. सख्खी मावशी साठीची असेल तर ती थांबेल. नव्वदीची चुलत आते थांबणार नाही.

"आई कशी होती?" हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याला सगळ्या कोकणात एकच उत्तर आहे, "देवमाणूस होती गो," आणि तिथे बोलणं संपतं. लहान, हाताला लागणारं विचारा. सकाळी आधी काय करायची, चूल की विहीर? विहिरीला दोर किती हात लागायचा? माहेराला जायची ती बोटीने की एसटीने? बोट लांब उभी राहायची, मग पडावातून उतरताना पोर कुणाच्या कडेवर असायचं? कुठल्या भाजीला हात लावायची नाही? रागावली की बोलायची की बोलणं टाकायची?

खुर्चीवर समोर बसवून, मध्ये फोन ठेवून विचारलंत तर माणूस भाषण करतं. त्यांच्या कामात जाऊन बसा. माझी आते पहिल्या दिवशी "ह्यां कित्याक लिवतंस?" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. दुसऱ्या दिवशी फणसाच्या आठळ्या सोलायला बसली होती, मी शेजारी बसून सोलू लागले, तर दोन तास थांबली नाही. हात गुंतलेले असले की तोंड सुटतं. गौरी-गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईकर गावी असतात, तेव्हाची रात्रीची जेवणानंतरची वेळ अशीच.

सगळ्यांत उपयोगी पडला तो घराचा नकाशा. आमचं जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं झालं त्याला वीस वर्षं होतील. दादाने वहीच्या पानावर जुनं घर काढलं: खळं, पडवी, माजघर, देवाची खोली, न्हाणी, मागे मांगर. आणि विचारलं, कोण कुठे झोपायचं? तासाभरात तीन पिढ्यांची भांडणं, बाळंतपणं आणि आजारपणं त्या कागदावर उतरली. विहिरीजवळ त्याने "दोर ७ हात" असं लिहिलं. त्याच्याकडे पुढे येते.

एक प्रश्न जपून, पण विचाराच. "मुलं किती?" असं म्हटलं की जी आहेत ती मोजली जातात. "बाळंतपणं किती झाली?" असं विचारा. मला आम्ही चौघं एवढंच ठाऊक होतं. मामी म्हणाली, सहा. दादाच्या पाठचा मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला, आणि माझ्याआधी एक मुलगी दीड वर्षाची, गोवराने. तिचं नावसुद्धा ठेवलं होतं. आई त्या नावाच्या कुठल्याही मुलीला हाक मारायची नाही, 'पोरी' म्हणायची, हे मामीने सांगितल्यावर मला आठवलं. मी पंचेचाळीस वर्षं ते ऐकत होते. पुस्तिकेत वंशावळीत सहाही जण आहेत.

आणि घरच्यांवर थांबू नका. ज्या वर्षी तुमची आई सून होऊन गावात आली, त्याच वर्षी आलेली दुसरी सून शोधा. आमच्या वाडीत अशा एक काकी आहेत. पहाटे विहिरीवर भेटायच्या म्हणून दोघी मुद्दाम लहान कळशी न्यायच्या, म्हणजे खेपा जास्त होतात. मी काकींना विचारलं, "आई स्वतःसाठी काय ठेवायची?" त्या हसल्या. जत्रेतला दशावतार बघायला आई रॉकेलच्या पैशांतून दोन-चार आणे मागे टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्यातल्या संकासुराची हुबेहूब नक्कल करायची. माझी आई! चार मुलांपैकी एकानेही ती नक्कल कधी पाहिली नव्हती. आईपणाच्या आधीची आणि आईपणाच्या बाजूची बाई मुलांना दिसत नाही. ती बघायला हीच वाट.

तिचा आवाज

इथे मी चुकले, ते आधी सांगते. आईचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप माझ्या फोनमध्ये होते, तीन वर्षांचे. फोन अडकायला लागला म्हणून तालुक्याच्या एका दुकानात दिला. संध्याकाळी परत मिळाला तो कोरा. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नव्हतं. त्यातले जे निरोप भावंडांच्या कुटुंबाच्या गटावर होते तेवढेच वाचले.

म्हणून आजच, हे वाचून झाल्यावर: तिच्याशी झालेलं संभाषण उघडा, एक्स्पोर्ट चॅट करा, माध्यमांसकट. आवाजाच्या फायली एका पेन ड्राइव्हवर, एका संगणकावर आणि एका दुसऱ्या घरातल्या माणसाकडे ठेवा. तिचा स्वतःचा फोन असेल तर त्याची बॅटरी मरू देऊ नका, आणि रिचार्ज थांबवण्याआधी त्यातलं सगळं काढून घ्या. न वापरलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो.

आई-आजी अजून असेल, तर तुमच्यासारखं भाग्यवान कोणी नाही. अर्ध्या तासाचं एक ध्वनिमुद्रण करा. पंखा बंद, मिक्सर बंद, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर आणि फ्लाइट मोडवर. समुद्राजवळ घर असेल तर खिडक्या लावून घ्या, गाज आपल्या कानाला सवयीने ऐकू येत नाही, फोनला येते. गाणी म्हणायला सांगा. गौरीची गाणी, फुगडीची, जात्यावरच्या ओव्या. ओव्यांचं मोल वेगळं सांगायला नको: हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या तुमच्या-माझ्या आज्यांसारख्याच बायका होत्या. सगळी ओवी आठवली नाही तरी चालेल. जात्याचा खुंटा हातात दिला की कधीकधी आठवते.

ऐकून लिहून काढताना तिची बोली पुसू नका. फोनचं बोलून टाइप करणं मालवणीपुढे हात टेकतं आणि "माका म्हायत नाय" चं काहीतरी भलतंच करतं, तेव्हा हातानेच लिहा. "मला माहीत नाही" असं छापलंत की ती कोणीतरी दुसरीच बाई होते.

फोटो

आमच्या हवेत फोटो माणसापेक्षा लवकर म्हातारे होतात. पावसाळ्यातली ओल, बुरशी, कसर, वाळवी. म्हणून हे काम दिवाळीनंतर ते होळीच्या आत उरकायचं.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट, खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फोनच्या मागे काळं कापड धरून फोनने काढा. सुटे फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. लॅमिनेशन कधीही नाही. आई-वडिलांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो आमच्याच घरातल्या कोणीतरी हौसेने लॅमिनेट करून आणला होता. आत ओल अडकली, आता दोघांच्या चेहऱ्यावर तपकिरी ढग आहे. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते.

चेहरे ओळखण्यासाठी फोटोची मोठी झेरॉक्स काढा, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाका आणि ती झेरॉक्स म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवा. गटावर पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, साधा पाठवलात तर तो आकसतो आणि छपाईला निरुपयोगी होतो. फायलीचं नाव सालाने सुरू करा, १९७४-मे-मामाचं-लग्न असं. साल अंदाजे असेल तर पुढे 'सुमारे' लिहायला लाजू नका.

कागद

ट्रंकेत तळाशी एक तार होती, वाण्याच्या दुकानात बिलं टोचतात तसली. तिच्यावर मनिऑर्डरची कुपनं. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटा कागद असायचा, पाठवणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या, पैसे घेणाऱ्याने तो ठेवून घ्यायचा. वडिलांनी परळहून पाठवलेली, दर महिन्याला एक. "पैसे पाठवले. वासराला औषध आण." "यंदा गणपतीला रजा नाही." "सही शिकलीस, बरं वाटलं."

शेवटच्या कुपनाने मला दोन दिवस बसवून ठेवलं. म्हणजे त्याआधी ती अंगठा लावत होती. दाखल्यावरची दुसरी इयत्ता शिकलेली मुलगी लग्नानंतर लिहिणं विसरली होती आणि मनिऑर्डर घेताना पोस्टमनपुढे, साक्षीदारापुढे अंगठा लावायचा तिला कमीपणा वाटत असणार. मग शिकली. कोणाकडून, ते काकींनी सांगितलं: दादाच्या पहिलीच्या पाटीवरून, रात्री. कॅलेंडरांवरची ती पेन्सिल तिथून आली होती.

तर कागद असे वाचायचे. एकेक सुटा नाही, शेजारी शेजारी ठेवून. सातबारा आणि फेरफारावर तिचं नाव कधी चढलं, रेशन कार्डावर माणसं कधी वाढली-कमी झाली, वाण्याची उधारीची वही, दवाखान्याचे कागद, लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजू. मोडीतले कागद निघाले तर फेकू नका, मोडी वाचणारे अजून आहेत. आणि भिंतीवरचं कॅलेंडर! १६ मे २०२१ च्या चौकटीत आईने लिहिलं आहे, "वारो. ४ कलमां पडली." तौक्ते वादळावर वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं भरली. आमच्या बागेपुरती चार शब्दांची तिची बातमी पुरेशी आहे.

हाताचं काम

पाककृती लिहिताना "अंदाजाने मीठ" असं लिहिलंत तर ते लिहिलं नाहीत असंच धरा. अंदाज तिच्या हातात होता. तो तिच्या भांड्यांत थोडा उरलेला असतो. तिची नेहमीची वाटी घ्या, पाणी काठोकाठ भरा, वजनकाट्यावर ठेवा आणि वाटीचं वजन वजा करा. जितके ग्रॅम तितके मिली. आईची मिठाची वाटी १४० मिलीची निघाली. जुनी मापं घरात असतील तर त्यांचा हिशेब लिहून ठेवा: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. नातवंडांना हे शब्द आता कोड्यासारखे वाटतात.

मग तिच्या हाताखाली शिकलेली बाई शोधा आणि तिच्याकडून एक पदार्थ पुन्हा करून घ्या. आम्ही मे महिन्यात मामीकडून आमसुलं करवून घेतली, कारण आईच्या आमसुलांना पूर्ण वाडीत मान होता. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, गर-बिया एका भांड्यात, साली वेगळ्या. गराला मीठ लावलं की पाणी सुटतं. त्या रसात साली बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात. हे एक पुट. बहुतेक जणी चार-पाच पुटं देतात, आई सात द्यायची. "सातव्याक रंग धरता," असं मामी म्हणाली आणि खरंच, सहाव्या दिवशी लाल असलेली साल आठव्या दिवशी जांभळट काळी होऊन बोटाला चिकटायला लागली. बिया फेकायच्या नाहीत, वाळवून कुटून त्यांचं मुठेल काढायचं, हिवाळ्यात भेगांना. हे सगळं फोटोंसकट चार पानांत घेतलं. पुस्तिकेतलं सगळ्यांत जास्त झेरॉक्स झालेलं प्रकरण हेच.

तिच्या लुगड्यांचं काय करायचं, यावर घराघरांत रुसवे होतात. एखादं सुती लुगडं अखंड ठेवा: धुऊन, खणखणीत वाळवून, सुती कापडात गुंडाळून, वर्षातून दोनदा घडी बदलून. डांबरगोळी थेट कापडावर ठेवू नका. बाकीच्यांची वाकळ शिवून घ्या. चार लुगड्यांत एक चांगली वाकळ होते. ती पांघरायची असते, कपाटात ठेवायची नसते.

लिहायला बसल्यावर

पावसाळ्यात लिहा. भाताची लावणी उरकली की गावी फारसं काम नसतं, नेटही नसतं.

माझी कसोटी सोपी आहे. वाक्य लिहिलं की विचारायचं, हे शेजारच्या आजीबद्दलही लिहिता येईल का? येत असेल तर खोडायचं. 'कष्टाळू', 'प्रेमळ', 'सोशिक', 'त्यागमूर्ती', 'मायेची सावली' हे शब्द आम्ही सुरुवातीलाच एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवले आणि त्यांना बंदी केली. धाकट्या भावाला फार जड गेलं. त्याचा पहिला मसुदा होता, "आई अतिशय कष्टाळू होती." मी विचारलं, कशावरून? तो चिडला. मग म्हणाला, "मे महिन्यात ती पहाटे तीनला उठून पेट्या भरायची. कंदिलाजवळ पेंढा पसरून, एकेक आंबा कानाशी नेऊन हलक्या बोटाने टिचकी मारायची. साका असला, म्हणजे आतून आंबा बिघडलेला असला, तर आवाज वेगळा येतो म्हणायची. आम्ही मारून बघायचो, आम्हाला सगळे सारखेच." मी म्हटलं, हेच लिही. त्याने तेच लिहिलं.

सगळं एकाच्या हाताने लिहू नका. थोरल्याची आई आणि धाकट्याची आई या दोन वेगळ्या बायका असतात. पहिली तरुण, तापट, सासूच्या धाकातली. दुसरी दमलेली आणि लाड करणारी. दोन्ही राहू द्या. आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर जुळवू नका, "दादाच्या मते असं, मावशीच्या मते असं" लिहा.

नातवंडांना त्यांच्या अक्षरात लिहू द्या आणि ते पान तसंच स्कॅन करून छापा. शुद्धलेखन सुधारू नका. माझ्या भाच्याने लिहिलं, "आजी पत्ते खेळताना चीटिंग करायची आणि पकडली की मला ऐकू येत नाही म्हणायची." या ओळीवर वर्षश्राद्धाच्या दिवशी अख्खी पंगत हसली.

काय छापायचं नाही

भांडणं होतीच. वाटणीची, धाकट्या जावेशी अबोल्याची, सुनेशी कुरबुरीची. जिवंत माणसावर तिचा जो राग होता तो छापायचा नाही, कारण उत्तर द्यायला ती नाही आणि ऐकून घ्यायला दुसरं माणूस आहे. पण खोटंही लिहायचं नाही. "दोघी जावांचं सख्य होतं" असं आम्ही लिहिलं नाही, त्या काळाबद्दल गप्प राहिलो. उरलेलं एका लिफाफ्यात, तारीख घालून, दादाच्या कपाटात. मतभेद झाला तर एकाचाही नकार पुरे, असं आधीच ठरवा. नाहीतर पुस्तिकेपायी बोलणं बंद होतं. पाहिलं आहे मी.

आधार, बँक, जमिनीचे गट क्रमांक असले आकडे पुस्तिकेत येऊ देऊ नका.

छपाई

यात फार अडकू नका. डेमी किंवा वहीच्या अर्ध्या आकाराची, आतला कागद साधा पांढरा मॅपलिथो, मुखपृष्ठ जाड. सेंटर पिनची, म्हणजे घडीत मधोमध पिना मारलेली, करायची तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. पन्नास-साठ प्रतींना डिजिटल छपाई परवडते. फोटो ३०० डीपीआयच्या खाली नको. शेवटी चार पानं कोरी सोडा, रेघा मारलेली.

एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. तुम्ही फोनवर युनिकोडमध्ये टाइप करता, तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे बहुधा जुना फॉन्ट असतो. बदलताना जोडाक्षरं तुटतात आणि 'ऱ्य' चा हमखास 'र्य' होतो. कोकणात हे महागात पडतं: 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या आणि 'दर्या' म्हणजे समोरचा. आमच्या पहिल्या प्रुफात आई गुरं घेऊन समुद्रात उतरत होती. 'मुक्ता' सारखा मोफत युनिकोड फॉन्ट वापरून पीडीएफ स्वतःच करून दिलीत तर ही कटकट टळते. तरीही शेवटचं प्रूफ घराबाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या. घरच्यांना चुका दिसत नाहीत, त्यांना आई दिसते.

त्या दिवशी

वर्षश्राद्धाचं जेवण झाल्यावर प्रती वाटल्या. आधी देऊ नका, लोक पानावर बसून वाचत राहतात आणि वाढणाऱ्यांची पंचाईत होते.

काकींना वाचता येत नाही. त्यांच्या नातवाने पडवीत बसून त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं, आम्ही भांडी आवरत होतो. नकाशाच्या पानावर तो आला, खळं, पडवी, माजघर, विहीर, दोर सात हात. काकींनी त्याला थांबवलं.

"सात न्हय. नऊ हात."

दादा म्हणाला, सात. काकी उठल्या, पडवीच्या खांबाला पदर धरला आणि हाताने मोजायला लागल्या, तिथे विहीर असल्यासारख्या, एक, दोन, तीन. नऊवर थांबल्या. "सात हात तुज्या टायमाक, मोटार बसली तेव्हा. त्याच्या आदी नऊ."

मी कॅलेंडराशेजारची पेन्सिल आणली आणि माझ्या प्रतीत सातावर काट मारली. काकी म्हणाल्या, "आता फुडचा वाच. थंयसर पण चुकला आसतला."